सुट्या लिथियम सेलपासून २४ व्होल्टची बॅटरी: सिरीज, पॅरलल आणि बीएमएस

सोलापूरच्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरची ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिडची बॅटरी नुसती पाणी पिते. पाणी घालायचं राहिलं की प्लेटा उघड्या पडतात आणि काही वर्षांत बॅटरी दमते. मग कुणीतरी सांगतं, लिथियम टाका. तयार बॅटरीची किंमत ऐकली की पुढचा विचार येतो तो सुटे सेल आणून घरीच बांधायचा. हे काम करता येतं. मात्र 'सेल जोडले, पट्ट्या कसल्या, बीएमएस लावला, झालं' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. बीएमएस म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट. आडवा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो, पण धागा जोडायला माणूसच लागतो. बीएमएसचं तसंच आहे. तो थांबवतो, तुमची चुकलेली जोडणी सुधारत नाही.

हे सगळं एका खऱ्या गरजेवर बेतून सांगतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातलं टॉवेल शिवणारं एक घर. मजुरी डझनावर, म्हणजे लाइट गेली की कमाई बंद. त्या घरातल्या मावशींची मागणी सरळ होती: "लाइट गेली तरी मशीन थांबू नये, एवढंच बघा." त्यांच्या मुलाने १०० एएचचे (एएच म्हणजे अँपिअर-तास, सेलची क्षमता) १६ सेल आधीच आणून ठेवले होते आणि घरात २४ व्होल्टचा २ केव्हीएचा इन्व्हर्टर होता.

आधी वहीतला हिशेब

दोन शिलाई मशीन, सर्व्हो मोटरवाल्या. प्लेटवर ५५० वॉट लिहिलेलं असतं, पण सर्व्हो मोटर टाके पडतानाच वीज ओढते, त्यामुळे सरासरी १५० वॉट धरायला हरकत नाही. दोन मशीनचे ३००, तीन पंख्यांचे २२५, चार एलईडी ट्यूबचे ८०. एकूण साधारण ६०० वॉट. तीन तास चालवायचं तर १.८ युनिट, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते १५ टक्के धरून सुमारे २.१ युनिट.

आता बॅटरीची बाजू. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा. १०० एएचच्या एका सेलमध्ये ३२० वॉट-तास, म्हणजे आठ सेलमध्ये २.५६ युनिट. त्यातले ८० टक्केच वापरायचे असं ठरवलं, तर २ युनिट हाती येतात. तीन तासांना हे अगदी काठावर आहे, आणि सेल जुने झाले की कमीच पडणार. सोळा सेलचे ५.१२ युनिट होतात. त्यात सहा तासांच्या आसपास निभावतं. म्हणून सोळाही वापरायचे ठरले.

एकामागे एक जोडले की सिरीज: पहिल्याचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, दुसऱ्याचा प्लस तिसऱ्याच्या मायनसला. यात व्होल्ट वाढतात, एएच तेवढेच राहतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला की पॅरलल. यात एएच वाढतात, व्होल्ट तेच राहतात. आठ सेल सिरीजमध्ये म्हणजे ८एस: २५.६ व्होल्ट, १०० एएच. आधी दोन-दोनच्या जोड्या पॅरलल करायच्या आणि मग त्या आठ जोड्या सिरीजमध्ये लावायच्या, तर २पी८एस: २५.६ व्होल्ट, २०० एएच.

आठच का? लेड-अ‍ॅसिडसाठी बनवलेला २४ व्होल्टचा इन्व्हर्टर साधारण २१ ते २८.८ व्होल्टमध्ये काम करतो. एलएफपीचा सेल २.५ व्होल्टला रिकामा आणि ३.६५ ला गच्च भरलेला. आठने गुणा: २० ते २९.२. जवळजवळ तोच पट्टा. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला याच हिशेबाने ४एस लागतं, ४८ ला १६एस. स्कूटरच्या बॅटरीत पुष्कळदा एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल असतात. ते ४.२ व्होल्टला भरतात आणि बिघडले तर फार लवकर पेट घेतात. भंगारातून काढलेल्या त्या सेलची घरगुती बॅटरी बांधू नका. माणसं झोपतात त्या घरात तर मुळीच नाही.

अजून खरेदी व्हायची असेल तर माझं मत असं: १०० एएचचे सोळा घेण्यापेक्षा २०० च्या वरचे आठ घ्या. सांधे कमी, डोकेदुखी कमी, आणि प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर राहते. पॅरलल जोडीत एक सेल अशक्त झाला तरी दुसरा त्याला झाकून घेतो आणि बीएमएसला जोडीचा एकच आकडा दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे ८एसच्या दोन वेगळ्या बॅटऱ्या करून दोघींना आपापला बीएमएस द्यायचा. खर्च जास्त, वायरी दुप्पट, पण एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालतं. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने एका बीएमएसचा २पी८एस करावा.

सेल तपासणं

नवे सेल अर्धवट भरलेले येतात आणि मीटरवर बहुधा ३.२९-३.३० व्होल्ट दाखवतात. मार्करने प्रत्येकावर क्रमांक टाका आणि वहीत व्होल्टेज तीन दशांशांपर्यंत लिहा. एखादा ३.२ च्या खाली दिसला तर तो बाजूला ठेवा. दुकानातून आणताच त्याचं पोट फुगलेलं असेल तर परत करा, वाद घालावा लागला तरी. चार वायरींचा इंटर्नल रेझिस्टन्स मीटर मिळाला तर उत्तम. १०० एएचच्या चांगल्या सेलचा आकडा एक मिलिओहमच्या आत असतो, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सोळांमध्ये कुणी वेगळा पडतोय का. जोड्या लावताना एका जोडीतल्या दोघांचा रेझिस्टन्स जवळचा ठेवा. क्षमता मोजली असेल, तर आठही जोड्यांच्या बेरजा सारख्या येतील असं पाहा, कारण सिरीजमध्ये सगळ्यांत छोटी जोडी जिथे संपते तिथे अख्खी बॅटरी संपते.

मल्टिमीटरची लाल वायर व्होल्टच्याच भोकात आहे ना, हे दर वेळी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही सेलला लावली, तर तो थेट शॉर्ट असतो. एवढ्याशा रेझिस्टन्सचा सेल जाड धातूने शॉर्ट झाला तर त्यातून हजारो अँपिअर वाहू शकतात. ३.२ व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पाना दोन टर्मिनलवर पडला की तो वितळतो आणि धातूचे शिंतोडे डोळ्यांत उडतात. म्हणून अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवा, चष्मा लावा, आणि पान्याचा फक्त तोंडाकडचा भाग उघडा ठेवून बाकी सगळा इन्सुलेशन टेपने गुंडाळा. डीसीची सवय नसेल तर सोबत जाणकार इलेक्ट्रिशियन हवाच.

मांडणी आणि पट्ट्या

सेलचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच विजेच्या दृष्टीने निर्जीव नसतं, आणि त्यावरची निळी फिल्म फार पातळ असते. दोन सेल घासले आणि फिल्म फाटली तर कवचाला कवच लागतं. म्हणून प्रत्येक दोन सेलमध्ये इपॉक्सी-ग्लासचा पातळ शीट घाला. पुठ्ठा नको, तो पावसाळ्यात ओल धरतो. दोन्ही टोकांना जाड प्लेट देऊन सगळे सेल हलणार नाहीत इतपत आवळा. सेल भरताना किंचित फुगतात. जागचे हलत राहिले तर ताण टर्मिनलवर येतो.

२पी८एससाठी पहिल्या दोन सेलचे प्लस एका बाजूला, पुढच्या दोघांचे उलट बाजूला, पुन्हा पुढच्या दोघांचे सरळ, अशी मांडणी. म्हणजे एका बाजूने पाहिलं की दोन प्लस, दोन मायनस, दोन प्लस, दोन मायनस असं दिसतं. पहिल्या जोडीचे दोन प्लस आणि दुसऱ्या जोडीचे दोन मायनस, अशी चार टर्मिनल एका पट्टीखाली यायला हवीत.

इथे एक सापळा आहे. बाजारात सेलबरोबर मिळणारी पट्टी दोन भोकांची असते. ती वापरून लोक वरच्या रांगेतल्या सेलचा प्लस पुढच्या मायनसला जोडतात, खालच्या रांगेचं तसंच करतात, आणि दोन रांगांना जोडणारी आडवी पट्टी विसरतात. बॅटरी चालते. २५.६ व्होल्टही दिसतात. पण प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या साखळ्या झालेल्या असतात आणि बीएमएसच्या वायरी त्यातल्या एकीवरच असतात. दुसऱ्या साखळीतला सेल ४ व्होल्टपर्यंत चढला तरी कुणाला पत्ता लागत नाही. चार भोकांच्या पट्ट्या बनवून घ्या, नाहीतर प्रत्येक जोडीवर आडवी पट्टी टाका. मग जोडीतल्या दोन प्लसमध्ये मीटर लावून ० दिसतो का ते बघा.

जोडी पॅरलल करण्याआधी दोन सेलच्या व्होल्टेजमधला फरक २० मिलिव्होल्टच्या आत असू द्या. फरक जास्त असला तर भरलेला सेल रिकाम्यात एकदम करंट ढकलतो.

टर्मिनल आणि पट्टी दोन्हींवरचा ऑक्साइडचा थर बारीक पॉलिश पेपरने काढून सुक्या कापडाने पुसा. आवळताना अंदाजावर जाऊ नका, छोटा टॉर्क रेंच घ्या. एम६ टर्मिनलला साधारण ४ न्यूटन-मीटर. तुमच्या सेलच्या डेटाशीटमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, 'अजून थोडं' करायला गेलं की जातात आणि त्यासोबत सेलही जातो. पट्टी थेट टर्मिनलवर बसली पाहिजे. बीएमएसच्या बारीक वायरीची लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, पट्टीच्या वर. ती लग पट्टीखाली अडकवली तर सगळा करंट तिच्यातूनच जायला बघतो आणि सांधा तापतो.

बीएमएस: नऊ बारीक वायरी

आठ जोड्या म्हणजे नऊ वायरी. पहिली, बहुतेक वेळा काळी, पहिल्या जोडीच्या मायनसवर. दुसरी पहिल्या जोडीच्या प्लसवर, तिसरी दुसरीच्या प्लसवर, असं करत नववी शेवटच्या प्लसवर, म्हणजेच बॅटरीच्या मुख्य प्लसवर. हे करताना कनेक्टर बीएमएसमध्ये घातलेला नसावा. वायरी सगळ्या सुट्या, बीएमएस बाजूला.

सगळ्या लागल्या की कनेक्टरवरच मोजणी करा. मीटरची काळी टोकणी पहिल्या पिनवर, लाल एकेक पुढे सरकवत. ३.३, ६.६, ९.९, १३.२ असं प्रत्येक वेळी सुमारे ३.३ ने वाढत २६.४ च्या आसपास पोचलं पाहिजे. मध्येच आकडा तोच राहिला, घटला किंवा दुपटीने उडाला, तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे किंवा एखादी सुटली आहे. असा कनेक्टर बीएमएसमध्ये घातला की बीएमएस जातो, आणि कधी कधी बाहेरून काही दिसतही नाही, फक्त एका सेलचा आकडा कायम चुकीचा येत राहतो. ही तपासणी मिनिटभराची आहे.

बीएमएसची जाड वायर दोन प्रकारची: बी मायनस बॅटरीच्या मुख्य मायनसला, आणि पी मायनस बाहेर, इन्व्हर्टरकडे. बहुतेक पुस्तिका आधी बी मायनस, मग बारीक वायरींचा कनेक्टर असाच क्रम सांगतात, आणि काढताना उलटा. मुख्य प्लस बीएमएसमधून जात नाही. तो फ्यूजमार्गे थेट जातो.

आता नीट लक्ष द्या: बॅटरीच्या मूळ मायनसला बी मायनसशिवाय बाकी काहीही लागता कामा नये. पुढे कुणी छतावर सोलर बसवलं आणि वायरमनने सोलर चार्जरची मायनस सोयीची म्हणून थेट बॅटरीवर आवळली, तर बीएमएसने चार्जिंग तोडलं तरी सोलरकडून भरणं चालूच राहतं. सगळे पी मायनसच्या बाजूला.

८ ते १६ सेलपर्यंत चालणारा बीएमएस आठवर वापरायचा असेल, तर उरलेल्या वायरींचं काय करायचं हे त्याच कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. काही ठिकाणी त्या शेवटच्या प्लसला एकत्र करायच्या असतात, काही ठिकाणी मोकळ्या ठेवायच्या. तर्क लढवू नका. काही बीएमएस जोडल्यावर झोपलेलेच राहतात. बटण दाबून किंवा चार्जर लावून उठवावे लागतात. त्यामुळे बाहेर ० व्होल्ट दिसले की लगेच घाबरायचं कारण नाही.

किती अँपिअरचा? २ केव्हीए म्हणजे सुमारे १६०० वॉट. बॅटरी २२.४ व्होल्टवर उतरलेली असताना आणि इन्व्हर्टरचा तोटा धरून हा करंट ८४ अँपिअर होतो. कागदावर १०० चा बीएमएस पुरतो. पत्र्याखालच्या गरम खोलीत तो सतत काठावर चालवण्यापेक्षा १५० चा घ्या.

सेटिंग

चार्जर लावण्याआधी बीएमएसचं अ‍ॅप उघडून सेलचा प्रकार एलएफपी आहे ना ते बघा. काही बीएमएस एनएमसीच्या सेटिंगवर येतात. त्यांच्या लेखी ४.२ व्होल्टपर्यंत सगळं आलबेल असतं. मी लावतो ते आकडे असे: सेल ३.६५ व्होल्टला चार्जिंग तोडणं, ३.५० ला पुन्हा सुरू, २.८० ला डिस्चार्ज तोडणं, ३.०० ला पुन्हा सुरू. बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या जोड्यांची पातळी सारखी करणं, ३.४० च्या वर आणि फरक १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तरच.

बॅलन्सिंग ३.४० च्या वरच का, हा प्रश्न बरोबर आहे. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या बहुतेक पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. ३० टक्के भरलेला आणि ६० टक्के भरलेला सेल मीटरवर थोड्याच मिलिव्होल्टने वेगळे दिसतात. तिथे बॅलन्सिंग केलं तर बीएमएस अंदाजाने चुकीच्या सेलमधून वीज काढेल. कोण पुढे, कोण मागे हे फक्त भरत आल्यावर कळतं. म्हणूनच व्होल्टेज बघून 'बॅटरी किती टक्के' हे सांगता येत नाही; त्यासाठी आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर लागतो, तो चांगल्या बीएमएसमध्ये असतो.

तापमानाची सेटिंग आपल्याकडे महत्त्वाची. मेमध्ये सोलापुरात बाहेर ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. चार्जिंगची मर्यादा ४५ ठेवली तर ऐन दुपारी बॅटरी भरणारच नाही. डेटाशीट परवानगी देत असेल तर चार्जिंगला ५० आणि डिस्चार्जला ६० ठेवा. तापमानाची टोकणी बॉक्सच्या भिंतीला चिकटवू नका. मधल्या सेलच्या मध्ये सरकवा, सगळ्यांत गरम तेच असतात.

फ्यूज, वायर आणि पहिली ठिणगी

मुख्य प्लसपासून वीतभर अंतरातच फ्यूज, मग बाकी सगळं. बीएमएस आतून शॉर्ट झाला तर त्यानंतर हाच एक आधार उरतो. ८४ अँपिअरच्या कामाला १२५ अँपिअरचा, डीसीसाठी बनवलेला आणि मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारा फ्यूज घ्या. एलएफपीसाठी क्लास टी प्रकार चांगला. गाडीतला स्वस्त पट्टीवाला फ्यूज किंवा घरातल्या बोर्डावरचा एसीचा एमसीबी इथे चालत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथली ठिणगी विझते. डीसीची ठिणगी जळतच राहते. बंद-चालू करायला डीसी रेटिंगचा एमसीबी वेगळा.

वायर ३५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, लवचिक. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. तो नसेल तर तेवढं काम दुकानातून करून आणा; हातोडीने ठोकलेली लग आज चालते आणि उन्हाळ्यात तापते.

इन्व्हर्टरच्या पोटात मोठे कपॅसिटर असतात. वायर टेकवली की ते एका झटक्यात भरायला बघतात, ठिणगी उडते आणि पुष्कळदा बीएमएस शॉर्ट समजून बंद होतो. उपाय सोपा: प्लस जोडताना आधी ४७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर मधे धरून काही सेकंद कपॅसिटर भरू द्या, मग लगेच वायर जोडा.

पहिलं भरणं आणि बॅलन्सिंग

नवे सेल एका पातळीवर भरलेले नसतात. तसेच सिरीजमध्ये लावले तर एक जोडी आधी ३.६५ गाठते, बीएमएस तोडतो, आणि बाकीच्या जोड्या अर्धपोटी राहतात.

पूर्ण पद्धत अशी. बॅटरी बीएमएससह जोडून इन्व्हर्टरने किंवा चार्जरने भरा. पहिली जोडी ३.६० ला पोचली की थांबा. मग पट्ट्या काढून सोळाही सेल पॅरलल करा. बेंच पॉवर सप्लाय (हवं ते व्होल्टेज ठरवून देता येणारा सप्लाय) ३.६५ व्होल्टवर आधी सेट करा, वायर नंतर लावा. मग करंट २-३ अँपिअरपर्यंत उतरेपर्यंत भरा. सुरुवातीलाच थेट पॅरलल करून भरायला बसलात तर १६०० एएच आहेत. अर्धे भरायचे म्हटले तरी १० अँपिअरच्या सप्लायला ८० तास लागतील. आणि मंद चाललंय म्हणून सप्लायचं बटण ५ व्होल्टवर फिरवून झोपायला गेलात, तर सकाळी सेल फुगलेले सापडतील. वायरीत व्होल्ट पडतात म्हणून सप्लायवरचा आकडा आणि सेलवरचा आकडा वेगळे दिसतात. सप्लाय ३.६५ च्या वर न्यायचा नाही, वेळ लागू द्यायचा.

बीएमएसमध्ये २ अँपिअरचा अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर (जास्त भरलेल्या जोडीतली वीज कमी भरलेल्या जोडीत टाकणारा) असेल, तर मी पट्ट्या उचकटत बसत नाही. चार्जर २७.६ व्होल्टवर, म्हणजे सेलला ३.४५ वर धरून ठेवा आणि बॅलन्सरला एक-दोन दिवस काम करू द्या. साधा पॅसिव्ह बॅलन्सर (जास्तीची वीज उष्णता करून घालवणारा) मात्र १०० मिलिअँपिअरच्या आसपासच काढतो. १० एएचचा फरक मिटवायला त्याला १०० तास लागतील, तेही बॅटरी भरलेली असतानाच. त्याच्यावर पहिलं बॅलन्सिंग सोडू नका.

इन्व्हर्टरचे आकडे

लिथियम मोड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ट्यूब्युलर मोड टाळा, एसएमएफ (पाणी न लागणाऱ्या सीलबंद बॅटरीचा) किंवा जेल मोड घ्या आणि प्रत्यक्ष किती व्होल्टपर्यंत चढतो ते मीटरने मोजा. २८.४ च्या आसपास थांबला तर छान, सेलला ३.५५ पडतात. फ्लोट, म्हणजे भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, २७ पुरे. काही इन्व्हर्टर लेड-अ‍ॅसिडसाठी अधूनमधून इक्वलायझेशनचा जास्त व्होल्टेजचा फेरा मारतात. ते बंद करता येत नसेल तर तो इन्व्हर्टर या बॅटरीला योग्य नाही.

खालची बाजूही तपासा. पुष्कळ इन्व्हर्टर २१ व्होल्टला बंद होतात, त्याआधीच बीएमएस २.८० ला तोडतो. मग एक विचित्र अडकणूक होते: लाइट येते, पण इन्व्हर्टरला बॅटरीच दिसत नाही म्हणून तो चार्जिंग सुरू करत नाही, आणि चार्जिंग नाही म्हणून बीएमएस उठत नाही. असं झालं तर सगळा लोड काढा, थोडा वेळ थांबा, तरीही उठला नाही तर बाहेरून २४ व्होल्टच्या एलएफपी चार्जरने पी मायनसच्या बाजूने भरायला लावा. इन्व्हर्टरचा कट-ऑफ २४ व्होल्टवर ठेवता येत असेल तर ठेवा. तिथे बॅटरीत फार काही उरलेलं नसतं, त्यामुळे नुकसान नाही.

चालू केल्यावरची परीक्षा

सगळी मशीन, सगळे पंखे लावा. वीसेक मिनिटांनी मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना टोकण्या धरा: एक सेलच्या टर्मिनलवर, एक पट्टीवर. सगळे सांधे थोड्या-थोड्या मिलिव्होल्टवर असतील आणि एखादाच २०-२५ दाखवत असेल, तर बॅटरी बंद करून तो सांधा उघडा, पुन्हा पुसा आणि आवळा. हाताला गरम लागेपर्यंत थांबू नका.

पुढेही अ‍ॅपवर एखादी जोडी वेगळी दिसली की लगेच सेल खराब असा निष्कर्ष काढू नका. चार्जिंगमध्ये इतरांपेक्षा वर आणि लोडवर इतरांपेक्षा खाली जाणारी, पण काही न चालताना सगळ्यांसारखीच दिसणारी जोडी असेल, तर बहुधा तिचा सांधा ढिला आहे. काही न चालतानाही दिवसागणिक खाली सरकणारी जोडी असेल, तर सेल आतून गळतोय किंवा बीएमएसची ती वाहिनी बिघडली आहे. दोन जोड्यांचे सेल अदलाबदल करून पाहा: दोष सेलबरोबर गेला तर सेल, जागेवर राहिला तर बीएमएस.

जागा

टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाचे तंतू असतात. ते पट्ट्यांवर, बीएमएसवर बसतात आणि पटकन पेटतात. म्हणून पत्र्याचा बॉक्स, आतून इन्सुलेशनचा शीट, बाजूंना बारीक जाळी, आणि बॉक्सला अर्थिंग. जाळी दर आठवड्याला झाडा. बॉक्स पूर्ण बंद नको: एलएफपी सहसा पेट घेत नाही, पण सेल फुटला तर ज्वलनशील वायू सोडतो, आणि तो कोंडला तर स्फोट होऊ शकतो. गच्ची, पोटमाळा, पत्र्याला लागून असलेली भिंत, गॅसची शेगडी यांपासून लांब. तळमजल्याच्या फरशीवर, थोडी उंच चौकट करून. मावशींकडे ती जिन्याखालच्या उघड्या कोपऱ्यात बसवली; खोलीतली सगळ्यांत थंड जागा तीच.

उन्हाळ्यात सेल १०० टक्के भरून तसेच ठेवले की आयुष्य लवकर घटतं. लाइट फारशी जात नसेल त्या महिन्यांत फ्लोट थोडा खाली, २६.८ वर आणा. बॅटरी काही महिने वापरायचीच नसेल तर निम्मी भरून, बीएमएस बंद करून ठेवा.

पुढे वाढवायची असेल तर

जुन्या जोड्यांना नवे सेल लावू नका. दुसरी ८एस बॅटरी स्वतःचा बीएमएस, स्वतःचा फ्यूज देऊन बांधा आणि बाहेरून पॅरलल करा. जोडताना दोघींच्या व्होल्टेजमधला फरक ०.१ च्या आत, दोघींच्या वायरी सारख्याच लांबीच्या. जुनी ट्यूब्युलर फेकवत नाही म्हणून तीही बाजूला पॅरलल लावून ठेवायची, असं काही जण सुचवतात. नको. दोघींचं भरण्याचं व्होल्टेज वेगळं आहे.

राउटर किंवा सीसीटीव्हीला १२ व्होल्ट लागतात म्हणून मधल्या चार जोड्यांवरून वायर काढण्याचा मोहही होतो. त्याने तेवढ्याच जोड्या रोज जास्त रिकाम्या होतात आणि बॅलन्सर आयुष्यभर त्यांच्या मागे पळत राहतो. २४ चे १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा.

आणि ही बॅटरी रिक्षात किंवा स्कूटरवर चढवू नका. गाडीतल्या बॅटरीला एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाच्या चाचण्या लागतात, हादरे आणि पाणी सोसावं लागतं; घरातल्या चौकटीवरची बांधणी त्यासाठी नसते. फुगलेला किंवा मेलेला सेल भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका, तिथे त्यावर हातोडी पडते. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. सेल ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. देण्याआधी दोन्ही टर्मिनलवर टेप लावा.